वाचक विचारतात : गाळातले पाणी

गेल्या अंकात, घरातून बाहेर पडलेले मैलापाणी गोदावरीत जाण्याआधी त्याचे काय होते, याविषयी या सदरात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे पाण्याविषयी नसून गाळाविषयी आहेत, याचे मला समाधान वाटले. मलनिस्सारण केंद्रावर आयुष्य घालवलेल्या कोणालाही विचारले तर तो सांगेल की पाणी स्वच्छ होते ते दिवसा दिसते आणि रात्री झोप उडवतो तो गाळ. एकसारखे प्रश्न एकत्र करून, पत्रलेखकांची नावे न देता, या वेळचे सर्व पान गाळासाठीच ठेवले आहे.

प्रश्न : तपोवनाकडे सकाळी फिरायला जाताना मलनिस्सारण केंद्र लागते. तेथे पाण्यातून जी घाण वेगळी होते तिला गाळ म्हणतात, आणि त्या गाळात शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव भाग पाणीच असते असे वाचले. मग त्याला गाळ म्हणायचे तरी कशाला?
(एक वाचक, पंचवटी)

गाळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विहिरीतला किंवा धरणातला गाळ येतो, म्हणजे फावड्याने ओढून पाटीत भरता येईल असा. केंद्रातला गाळ तसा नसतो. पहिल्या टाकीत आपोआप तळाशी बसलेल्या गाळात घन पदार्थ शंभरात दोन ते पाच भाग असतात. हवा देऊन जिवाणू वाढवले जातात त्या टाकीपुढचा गाळ घेतला तर त्यात बऱ्याचदा एक भागही भरत नाही. तो बादलीत घेतला तर गढूळ पाण्यासारखा दिसतो आणि पंपाने सहज ढकलता येतो. तरीही तो गाळच, कारण शहराने पाण्यात सोडलेले जे काही आहे त्याचा मोठा हिस्सा आता त्या थोड्या पाण्यात एकवटलेला असतो.

पाणी काढण्याची एवढी घाई का, हे एका साध्या हिशोबावरून कळते. एक लाख लिटर गाळ आहे आणि त्यात घन पदार्थ एक टक्का आहेत असे धरू. म्हणजे कोरडा ऐवज एक टन. हाच गाळ दाट करून चार टक्क्यांवर आणला की आकारमान पंचवीस हजार लिटर होते. वीस टक्क्यांवर आणला की सुमारे पाच टन उरतो आणि तो पाण्यासारखा वाहत नाही, फावड्याने उचलता येतो. दहा हजार लिटरच्या टँकरच्या दहा खेपांचे काम ट्रॉलीच्या एक-दोन खेपांत होते. ऐवज तेवढाच राहिला, गेले ते फक्त पाणी. यातली सर्वांत मोठी बचत अगदी सुरुवातीला होते, हेही लक्षात घ्यावे. एक टक्क्यावरून दोन टक्क्यांवर जाताना पन्नास हजार लिटर कमी झाले; अठरावरून वीसवर जाण्यासाठी जी यातायात होते तिच्यात जेमतेम अर्धा टन कमी होतो.

नाशिकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तपोवन, आगरटाकळी यांसारखी आपली जुनी केंद्रे ‘यूएएसबी’ पद्धतीवर उभारली गेली. सत्तरच्या दशकात नेदरलँड्समध्ये खेत्झे लेटिंगा यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत मैलापाणी टाकीच्या तळातून वर चढते आणि वाटेत हवेविना जगणाऱ्या जिवाणूंच्या दाट थरातून जाते. हे जिवाणू सावकाश वाढतात, अन्नाचा बराचसा भाग वायूत घालवतात, त्यामुळे गाळ कमी निघतो आणि जो निघतो तो मुळातच बराच दाट असतो. मात्र या पद्धतीने पाणी हवे तेवढे निर्मळ होत नाही. प्रक्रिया केलेल्या पाण्याचे निकष पूर्वीपेक्षा कडक झाल्याने सर्वत्रच हवा देऊन शुद्ध करण्याच्या पद्धतींकडे कल आहे, आणि त्या पद्धतींत दर दहा लाख लिटर मैलापाण्यामागे साधारण दोनशे ते अडीचशे किलो कोरडा गाळ तयार होतो. तोही पातळ, बुळबुळीत, पाणी न सोडणारा. नदी जितकी स्वच्छ हवी तितका गाळ जास्त आणि तितका तो हट्टी. नव्या केंद्राच्या खर्चाची चर्चा होते तेव्हा हा भाग शेवटच्या पानावर जातो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : श्रीखंडासाठी आपण दही फडक्यात बांधून रात्रभर टांगतो आणि सकाळी चक्का तयार असतो. गाळाचे असे का करता येत नाही? एवढी यंत्रे आणि रसायने कशाला?
(एक निवृत्त शिक्षिका, कॉलेज रोड)

मैल्याला चक्क्याची उपमा काहींना रुचणार नाही, पण प्रश्न अगदी नेमका आहे आणि त्याचे उत्तर दिले की बाकीचा विषय निम्मा सुटतो.

दही फडक्यात टांगता येते, कारण ते आधी विरजलेले असते. विरजण लागताना दुधातली प्रथिने एकमेकांना धरून जाळे विणतात. त्या जाळ्यात पाणी नुसते अडकलेले असते आणि वजनाने ठिबकून जाते. आता न विरजलेले दूध फडक्यात ओता. एकतर ते सगळे खाली येईल, नाहीतर साय फडक्याच्या छिद्रांत बसून थेंबही गळणार नाही. ताजा गाळ कापडावर ओतला तर हेच होते: पहिल्या मिनिटाला गढूळ पाणी येते, दुसऱ्या मिनिटाला कापड चोंदते.

याचे कारण गाळ कोणाचा बनलेला आहे, त्यात आहे. हवेच्या टाकीतला गाळ म्हणजे मुख्यतः जिवंत आणि मेलेले जिवाणू. हे जिवाणू स्वतःभोवती प्रथिने आणि शर्करांचा चिकट लेप तयार करतात आणि त्या लेपाच्या आधाराने पुंजके करून राहतात. सब्जा भिजवल्यावर प्रत्येक दाण्याभोवती जो पारदर्शक लगदा फुगतो, तो डोळ्यांसमोर आणावा. तो लगदा जवळपास सगळा पाण्याचाच, पण दाणे चाळणीत टाकले म्हणून ते पाणी गळत नाही. गाळातले पाणीही असे सर्व एकाच मालकीचे नसते. काही मोकळे असते आणि गाळ शांत ठेवला की वर येते. काही पुंजक्यांच्या पोटात, फटींमध्ये अडकलेले असते. ते दाबल्यावर येते. काही कणांच्या अंगाला चिकटून असते. आणि काही पेशींच्या आत असते, जे पेशी फुटल्याशिवाय किंवा उष्णता दिल्याशिवाय येतच नाही. दाब देणारे कोणतेही यंत्र पहिल्या दोन प्रकारांपाशी थांबते. म्हणून यंत्रातून निघालेल्या, हाताला कोरड्या लागणाऱ्या गाळातही पाऊण हिस्सा पाणी असते. यंत्र बिघडलेले नसते. उरलेले पाणी वेगळ्या प्रकारचे असते, इतकेच.

आता विरजणाचे काम कोण करते, ते पाहू. गाळाच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. हा भार शमवला आणि कणांना एकत्र बांधणारी एखादी लांब दोरी दिली की मोठे गठ्ठे होतात आणि मधले पाणी मोकळे होते. आपल्याकडे ही कल्पना नवीन नाही. गढूळ पाण्यात तुरटी फिरवणे, माठाच्या आतून निवळीचे बी घासणे, गुऱ्हाळात उकळत्या रसात भेंडीच्या झाडाचा बुळबुळीत रस घालून मळी वर आणणे, ही सगळी त्याच कामाची जुनी रूपे. केंद्रावर त्यासाठी ‘पॉलिमर’ वापरतात, कामगारांच्या भाषेत नुसते ‘पॉली’. ही पॉलिअॅक्रिलामाइडच्या जातीची साबुदाण्याच्या चुऱ्यासारखी पांढरी पूड असते. तिचा एकेक रेणू म्हणजे धन भार असलेली अतिशय लांब साखळी. साखळीचे एक टोक या कणाला, दुसरे त्या कणाला धरते आणि पाहता पाहता पाण्यात दह्याच्या कवड्या तरंगाव्यात तसे गठ्ठे दिसू लागतात. एक टन कोरड्या ऐवजाला साधारण चार ते दहा किलो पूड पुरते.

एवढ्या थोड्या पुडीवर सगळे अवलंबून असल्याने तिच्या बाबतीतली चूक महागात पडते. पूड हजार लिटर पाण्याला एक-दोन किलो या बेताने, ढवळत्या पाण्यात हळूहळू भुरभुरावी लागते. एकदम ओतली तर जेलीसारख्या गुठळ्या होतात आणि त्या कितीही ढवळल्या तरी विरघळत नाहीत. मग अर्धा ते एक तास ते पाणी सावकाश फिरत ठेवावे लागते, कारण वेटोळी घालून बसलेली साखळी उलगडायला वेळ लागतो. जोरात घुसळले तर साखळ्या तुटतात. मी एका केंद्रावर (त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) केक, म्हणजे पाणी काढून यंत्रातून निघणारा घट्ट गाळ, एकाएकी पातळ येऊ लागल्यामुळे बोलावला गेलो होतो. तेथे तीन दिवस पॉलीचे प्रमाण वाढवत नेले होते, दुपटीवर गेले होते, आणि केक अधिकच बिघडून आता सरसरत खाली घसरत होता. पॉलीच्या दोन टाक्यांपैकी एक गळू लागल्याने बंद केलेली होती. उरलेल्या एकाच टाकीत एकीकडून पूड पडत होती आणि दुसरीकडून पंप तेच पाणी उचलत होता. साखळ्या उलगडायला कोणी वेळच दिला नव्हता. गळती बुजवून दुसरी टाकी सुरू केली आणि प्रमाण पूर्वीच्या आकड्यावर आणले, तेव्हा संध्याकाळपर्यंत केक ठीक झाला. दरम्यान जास्तीच्या पॉलीने गाळ दाबणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यांची कापडे इतकी माखली होती की ती धुण्यात पुढचा दिवस गेला. पॉली जास्त झाली की कणांवर आता धन भार चढतो, ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात, आणि न लागलेली पॉली स्वतःच गोंदासारखी चिकटते. म्हणून चार-पाच काचेच्या भांड्यांत तोच गाळ घेऊन वेगवेगळ्या प्रमाणात पॉली घालून पाहण्याची साधी चाचणी दर पाळीला करावी, असा माझा आग्रह असे. तिला दहा मिनिटे लागतात.

प्रश्न : डिप्लोमाच्या प्रकल्पासाठी गाळातून पाणी काढण्याच्या यंत्रांची तुलना करत आहे. प्रत्येक उत्पादक आपलेच यंत्र सर्वोत्तम असल्याचे सांगतो. खरे सर्वोत्तम कोणते?
(एक विद्यार्थी, सातपूर)

गाळ सांगितल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर हे लिहिले तर परीक्षक चिडणार नाहीत, अशी आशा आहे.

‘सेंट्रिफ्यूज’ म्हणजे आडवे फिरणारे पिंप. आतील गाळावर गुरुत्वाकर्षणाच्या दोन-तीन हजार पट जोर येतो, घन भाग कडेला फेकला जातो आणि आतला, थोड्या वेगळ्या गतीने फिरणारा मळसूत्री दांडा तो खरवडून एका टोकाला ढकलतो. जागा कमी, वास बंदिस्त, काम अखंड. बदल्यात वीज अधिक, आवाज अधिक आणि वाळूने दांड्याची कड झिजली की दुरुस्ती महाग. ‘बेल्ट प्रेस’मध्ये दोन कापडी पट्ट्यांच्या मध्ये गाळ धरून तो रुळांतून फिरवतात, उसाच्या चरकासारखे. त्यात काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते, आणि नव्या कामगाराला शिकवण्यासाठी यासारखे यंत्र नाही. पण पट्टे सतत धुवावे लागतात, त्यासाठी पाणी बरेच लागते, आणि उघड्यावर चालत असल्याने वास व तुषार यांचा त्रास होतो. ‘फिल्टर प्रेस’ म्हणजे एकापुढे एक उभ्या केलेल्या, कापड लावलेल्या थाळ्या. पंप गाळ आत दाबत राहतो आणि शेवटी थाळ्या उघडल्या की ढेपा खाली पडतात. चुना आणि फेरिक क्लोराइड घालून चालवला तर तीस-चाळीस टक्क्यांचा केक याच यंत्रात मिळतो. मात्र त्यातला काही भाग चुन्याचाच असतो, हे तुलना करताना वजा करावे. शिवाय हे काम घाण्याघाण्याने चालते आणि ढेप चिकटून राहिली की माणूस लागतो. ‘स्क्रू प्रेस’ मिनिटाला काही फेरे इतक्या संथपणे फिरतो, वीज फार कमी खातो, आवाज जवळजवळ नाही. केक पंधरा ते वीस टक्क्यांच्या आसपास. लहान केंद्राला, जेथे कुशल माणूस दिवसभर उभा राहणार नाही, तेथे मी तोच सुचवेन.

माहितीपत्रकातील केकचा आकडा पाहताना त्याशेजारी दुसरा आकडा मागावा: आत गेलेल्या घन ऐवजापैकी किती केकमध्ये आला? शंभरातले पंच्याण्णव भाग तरी यायला हवेत. केक पंचवीस टक्क्यांचा दाखवायचा आणि बारीक कण पाण्याबरोबर मागे सोडून द्यायचे, ही युक्ती कोणत्याही यंत्रावर साधते. ते कण परत केंद्राच्या तोंडाशी जातात, पुन्हा गाळात येतात, पुन्हा निसटतात, आणि काही आठवड्यांत सगळ्या टाक्या अशा बारीक कणांनी भरतात.

प्रश्न : आम्ही बेदाणा शेडमध्ये, वीज न वापरता सुकवतो. नाशिक जिल्ह्यात ऊन आणि कोरडी हवा वर्षातले आठ महिने फुकट मिळते. मग गाळ वाळवायला वीज का जाळावी? आणि वाळलेला गाळ बागेला खत म्हणून घालता येईल का?
(एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका)

पहिल्या प्रश्नातला विचार बरोबर आहे आणि पूर्वी सगळीकडे तसेच करत. तळाला खडी, वर वाळूचा थर, खाली पाझर गोळा करणारे नळ, आणि त्यावर वीतभर जाडीचा गाळ. पहिले एक-दोन दिवस पाणी वाळूतून पाझरते, पुढे ऊन आणि वारा ते उडवतात. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत वर भेगा पडतात आणि ढेपा उचलता येतात. चांगल्या वाफ्यातला गाळ कोणत्याही यंत्रातल्या केकपेक्षा कोरडा असतो. अडचणी दोनच, पण मोठ्या: जागा आणि जून ते सप्टेंबरचे चार महिने. शहराजवळच्या जमिनीचे भाव आपल्याला माहीत आहेत. पावसाळ्यात वाफ्यात गाळापेक्षा पाऊसच जास्त साठतो, आणि गाळ तर रोज निघतच असतो. पारदर्शक छपराची शेड करून आत हवा खेळती ठेवली आणि गाळ अधूनमधून उलटवला तर पावसाळाही निभावतो. एक अट मात्र असते, आत जाणारा गाळ आधी यंत्रातून काढलेला असावा.

ही अट का, ते हिशोबाने सांगतो. वरचाच एक लाख लिटर गाळ घ्या. सेंट्रिफ्यूजला टनामागे एक-दोन युनिट वीज लागते. शे-दीडशे युनिटांत पंच्याण्णव टन पाणी निघून जाते आणि पाच टन केक उरतो. त्या केकमधले आणखी सुमारे चार टन पाणी वाफ करून उडवायचे ठरवले, तर टनामागे सातशे युनिटांएवढी उष्णता हवी, म्हणजे पावणेतीन हजार युनिट. पंच्याण्णव टनांना जे लागले त्याच्या वीस पट, फक्त चार टनांसाठी. दाबून निघते ते पाणी उष्णतेने काढणे म्हणजे नोटा जाळून पाणी तापवणे. ऊन फुकट असले तरी जमीन आणि दिवस फुकट नसतात, म्हणून उन्हाच्या वाट्याला फक्त ते शेवटचे पाणी ठेवावे. आपण बेदाण्याला तरी काय करता? द्राक्षे उन्हात फेकून देत नाही. आधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून सालीवरचे मेण मोडता, म्हणजे आतले पाणी वाट शोधून बाहेर येते. पॉली हे गाळाचे डिपिंग आहे.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्राक्षापुरते तरी स्पष्ट ‘नाही’ असे आहे. आपला माल युरोपात जात असेल तर आपण ‘ग्लोबल गॅप’ प्रमाणपत्राखाली असाल, आणि त्या प्रमाणपत्राच्या नियमांत मानवी मैल्याचा गाळ शेतात वापरायला मनाई आहे. इतर पिकांसाठी गाळात नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब असतो हे खरेच; अमेरिकेतील मिलवॉकी शहर आपला गाळ उष्णतेने सुकवून १९२६ पासून खत म्हणून विकत आले आहे. पण वाळलेला गाळ निर्जंतुक असतो असे समजू नये. जंतांची अंडी वाफ्यावरच्या उन्हातही महिनोन्महिने तग धरतात. ती मारायला गाळ कचऱ्याबरोबर ढीग लावून कुजवावा लागतो आणि ढिगाच्या आत ५५ अंश सेल्सिअस तापमान अनेक दिवस टिकवावे लागते. त्यानंतरही जड धातूंची तपासणी उरतेच. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात कंपोस्ट खतासाठी किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, क्रोमियम ५०, निकेल ५० आणि शिसे १०० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. जेथे प्लेटिंग किंवा रंगकामाचे सांडपाणी गटारात मिसळते तेथील गाळ या मर्यादेत राहणे कठीण, कारण धातू कुजत नाहीत आणि वाळवल्यावर उडूनही जात नाहीत. पाणी गेले की उरलेल्या ऐवजात ते तेवढेच राहतात. तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय ट्रॉली बांधावर घेऊ नये.

प्रश्न : आमच्या गृहसंकुलात दोनशेच्या आसपास सदनिका आहेत आणि स्वतःचे एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणारे छोटे केंद्र, आहे. फिल्टर प्रेस बसवलेला आहे, पण ऑपरेटर म्हणतो की केक पडतच नाही. गाळाची टाकी भरून वास येतो. काय तपासावे?
(एका सोसायटीचे सचिव, इंदिरानगर)

आधी गाळ किती निघायला हवा ते काढू. आपल्याकडे दिवसाला लाखभर लिटर मैलापाणी येत असावे. त्यातून रोज वीस-पंचवीस किलो कोरडा गाळ तयार होतो. तो एक टक्क्याचा धरला तर दोन-अडीच हजार लिटर, आणि त्याचा वीस टक्क्यांचा केक केला तर शंभर-सव्वाशे किलो. म्हणजे रोज पाच-सहा घमेली. ज्या संकुलात महिनोन्महिने एकही घमेले निघत नाही तेथे गाळ कोठे जातो, हा प्रश्न समितीने ऑपरेटरला अवश्य विचारावा. बहुधा तो शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर बागेत आणि फ्लशच्या टाकीत जात असतो.

केक न पडण्याचे आपल्या बाबतीतले पहिले कारण पत्रातच आहे: टाकी भरून वास येतो, म्हणजे गाळ साठून सडला आहे. सडलेल्या गाळातले पुंजके फुटतात, बारीक कण आणि चिकट प्रथिने पाण्यात सुटतात, पॉली दुपटीने लागते आणि कापड चोंदते. गाळ रोज थोडा काढून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाबावा. आठवड्याचा साठवून रविवारी काढायची पद्धत सोडावी. दुसरे, कापडे किती दिवसांत धुतली, हे पाहावे. तिसरे कारण कोणी सहसा तपासत नाही. संकुलात बोअरचे पाणी मृदू करणारे सॉफ्टनर असेल तर त्याचे मिठाचे पाणी कोठे सोडले आहे? ते एसटीपीत जात असेल तर सोडियम वाढतो, जिवाणूंच्या पुंजक्यांना बांधून ठेवणाऱ्या कॅल्शियमची जागा तो घेतो आणि पुंजके सैल पडतात. ते पाणी वेगळे काढल्यावर केक सुधारलेला मी पाहिला आहे.

आणि एक गोष्ट कृपया मंडळाच्या फलकावर लावावी. गाळाची टाकी साफ करायला कोणालाही आत उतरवू नये, तोंडाला रुमाल बांधून तर नाहीच. सडलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. थोडा असताना कुजक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि ‘आता वास नाही’ असे वाटून माणूस आत उतरतो. टाकीवर झाकण असल्यास गाळ ढवळताच हा वायू एकदम सुटतो. गटारे आणि सेप्टिक टाक्या अशा सफाईसाठी संरक्षणसाधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि काम ठेकेदाराला दिले होते म्हणून सोसायटी हात झटकू शकत नाही. सक्शन पंपाची गाडी बोलवावी.

प्रश्न : गाळातून काढलेल्या पाण्याचे पुढे काय करतात? ते नदीत सोडतात का?
(एक वाचक, नाशिक रोड)

नाही, ते केंद्राच्या तोंडाशी परत नेऊन नव्याने आलेल्या मैलापाण्यात मिसळतात. दिसायला ते थोडे, पण हवेविना कुजवलेल्या गाळातले असेल तर त्यात अमोनिया भरपूर असतो, आणि प्रेस सकाळच्या पाळीतच चालत असेल तर तो सगळा भार चार-सहा तासांत येऊन पडतो. हे पाणी एका टाकीत साठवून रात्री, आवक कमी असताना, हळूहळू सोडले की जिवाणूंना झेपते. बहुतेक ठिकाणी त्यासाठी टाकी बांधलेली असते आणि ती भंगार ठेवायला वापरलेली असते.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थात शहरात लाखो भाविक येतील. तेव्हा गाळाचा भार कसा पेलणार?
(एक वाचक, सिडको)

गर्दीचा गाळ गर्दीच्याच दिवशी येत नाही. पाणी काही तासांत केंद्रावर पोहोचते, पण जिवाणू त्यावर वाढून गाळ जमायला दिवस, आणि यूएएसबीसारख्या टाक्यांत आठवडे लागतात. त्यामुळे पर्वणी आटोपून रस्ते मोकळे झाल्यावर केंद्रावरचा ताण वाढतो. दुसरी अडचण ऋतूची. २०१५ च्या सिंहस्थातील नाशिकची शाही स्नाने २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर रोजी झाली, म्हणजे ऐन पावसाळ्यात, जेव्हा उघडे वाफे काही कामाचे नसतात. सारा भार यंत्रांवर असतो.

माझ्या मते तयारी मे महिन्यातच व्हावी. टाक्यांतला जुना गाळ उन्हाळ्यात काढून वाफ्यांवर वाळवून घ्यावा, म्हणजे पावसाळ्यात साठवायला जागा राहते. भाड्याने मिळणारा, ट्रेलरवर बसवलेला सेंट्रिफ्यूज आधीच ठरवून ठेवावा. प्रेसच्या कापडांचा एक जास्तीचा संच आणून ठेवावा. पॉलीचा साठाही करावा लागेल, पण तो उघड्या शेडमध्ये नको. ही पूड हवेतला ओलावा ओढते, आणि ऑगस्टमध्ये तोंड उघडे राहिलेल्या पोत्यात दोन दिवसांनी हात घातला तर पूड मिळत नाही, दगड मिळतो.